ई-ड्रम कॉम्प्युटरला जोडताय? आधी लेटन्सी बघा

महागडी ड्रम लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या ड्रमच्या आवाजांचा संच) घ्यायची घाई करू नकोस, आधी लेटन्सी, म्हणजे काठी पडणं आणि आवाज येणं यातला उशीर, आटोक्यात आण. काठी पॅडवर पडली आणि आवाज मागाहून आला की हात अडखळतो, लय सुटते आणि आपल्यालाच वाजवता येत नाही असं वाटायला लागतं. विंडोजवर ऑडिओ इंटरफेससोबत (कॉम्प्युटरला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) येणारा आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे कमी उशिराने आवाज देणारं सॉफ्टवेअर टाक आणि बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पल्सवर आण. 44.1 किलोहर्ट्झला 512 चा बफर म्हणजे जवळपास 12 मिलिसेकंद, 128 चा म्हणजे 3 पेक्षा कमी. आवाज तडतडला तर 256 कर. ब्लूटूथ हेडफोन मात्र अजिबात नकोत, वायरचेच घे.

मग हाय-हॅट, म्हणजे पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी; खरी डोकेदुखी तिथेच आहे. कुठला पॅड वाजला हे कॉम्प्युटरला मिडी संदेशातल्या नोट क्रमांकावरून कळतं: किक बहुधा मिडी नोट 36, स्नेअर 38, ते लगेच जुळतं. पण पेडल किती दाबलंय हे वेगळ्या संदेशातून, सहसा सीसी 4 (मिडीचा कंट्रोल क्रमांक 4) वरून जातं. सॉफ्टवेअरमध्ये तुझ्या मॉड्यूलचा (पॅड ज्याला जोडलेत तो ई-ड्रमचा डबा) तयार मॅप, म्हणजे कुठल्या नोटला कुठला आवाज याची यादी, असेल तर तोच निवड. पेडल हळूहळू सोडत वाजवून बघ; बंद आवाजावरून थेट उघड्यावर उडी पडत असेल तर पेडलचं कॅलिब्रेशन पुन्हा कर.

व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोरात मारलं की किती मोठा आवाज यावा याची सेटिंग, सगळ्यात शेवटी, निवांत लाव. स्नेअरवर अगदी हलक्या घोस्ट नोट्स वाजव, त्या स्पष्ट ऐकू येईपर्यंत कर्व्ह सोडू नकोस.