शेपटीला लागलेला जुना मार

गेल्या अंकात जपानच्या १९८५ च्या विमान अपघाताचा मी एका ओळीत उल्लेख केला आणि टपालाची पिशवी फुगली. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतो. लँडिंग गिअरबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : ५२० माणसं गेली ते जपानी जंबो आधीपासूनच पनवती होतं म्हणे. एकदा शेपूट आपटली, एकदा इंजिन घासलं, मागच्या टॉयलेटचं दार अडकायचं. कंपनीला सगळं ठाऊक असून विमान उडवत ठेवलं, हे खरं का?

तुम्ही ऐकलेल्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून तर ही अफवा इतकी चिवट. जपान एअरलाइन्सच्या त्या विमानाचा नोंदणी क्रमांक जेए ८११९. बोइंग ७४७ एसआर, म्हणजे जपानमधल्या जवळच्या फेऱ्यांसाठी खास बनवलेला जंबो. २ जून १९७८ ला ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना त्याच्या शेपटीचा तळ धावपट्टीला घासला. १९ ऑगस्ट १९८२ ला चितोसेला उतरताना चार नंबरचं इंजिन, म्हणजे उजवीकडचं टोकाचं, जमिनीला टेकलं आणि वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेलं. दाराच्या तक्रारीही होत्या. पण दार अडकायला पन्नास कारणं असतात आणि अपघातानंतर ती सगळ्यांना आठवतात.

इंजिनाच्या त्या प्रकाराचा १२ ऑगस्ट १९८५ च्या अपघाताशी काडीचा संबंध नाही. शेपूट आपटल्यानंही विमान पडलं नाही. शेपूट घासलेली विमानं नीट दुरुस्त होऊन वीस-वीस वर्षं उडतात. माझ्याच हाताखालून तशी दोन गेली आहेत. हे विमान पडलं ते दुरुस्तीमुळे.

जंबोच्या केबिनमध्ये वर गेल्यावर दाबाची हवा भरलेली असते. केबिन मागे जिथं संपते तिथं अॅल्युमिनियमचा एक मोठा घुमट असतो, उघडलेल्या छत्रीसारखा. त्याला आम्ही प्रेशर बल्कहेड म्हणतो. त्याच्या पलीकडे शेपटीत दाब नसतो. इतामीला या घुमटाला मार बसला, म्हणून त्याचा खालचा अर्धा भाग नवा बसवला. वरचा जुना आणि खालचा नवा यांच्या सांध्यात एक सलग पट्टी आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, तीन रांगा हव्या होत्या. प्रत्यक्षात पट्टीचे दोन तुकडे करून लावले गेले. त्यामुळे जो ताण दोन रांगांनी वाटून घ्यायचा तो एका रांगेवर आला. जाड कापडाला दोन टिपा घालायच्या तिथं एकच घातली, असं समजा. वरून सांध्याच्या कडेनं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, फिरवलं की पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

त्यात हे विमान जवळच्या फेऱ्यांचं. दिवसाला अनेक उड्डाणं आणि प्रत्येक उड्डाणात घुमट एकदा फुगायचा, एकदा सैलावायचा. तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती अखेर तुटते, त्यातलाच हा प्रकार. दुरुस्तीनंतर विमानानं १२ हजारांहून जास्त फेऱ्या केल्या. त्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदाहून इतामीला निघाल्यावर बाराव्या मिनिटाला, सुमारे २४ हजार फुटांवर, घुमट फाटला. केबिनची हवा शेपटीत घुसली, उभ्या शेपटीचा मोठा भाग उडून गेला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणांचं, म्हणजे तेलाच्या दाबानं विमानाची सुकाणं हलवणाऱ्या यंत्रणांचं, तेल वाहून गेलं. मला नेहमी इथंच अडखळायला होतं. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून चार यंत्रणा ठेवल्या, पण चौघींचे नळ शेपटीत एकाच ठिकाणाहून गेलेले. कॅप्टन मासामी ताकाहामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते विमान आणखी ३२ मिनिटं हवेत ठेवलं. ५२४ जणांपैकी चौघी वाचल्या.

राहिला प्रश्न 'कंपनीला ठाऊक होतं' याचा. दुरुस्ती बोइंगच्याच पथकानं केली होती आणि अपघातानंतर महिनाभरातच बोइंगनं ती सदोष असल्याचं मान्य केलं. जून १९८७ च्या चौकशी अहवालानंही तेच कारण दिलं. मधल्या सात वर्षांत विमान कंपनीच्या मोठ्या तपासण्या झाल्या, त्यांत त्या भेगा दिसल्या नाहीत. मला विचाराल तर माहीत असून लपवलं यापेक्षा, टॉर्च मारून पाहिलं आणि दिसलं नाही, हे जास्त भीतीदायक आहे. कारण ती टॉर्च मी ३१ वर्षं धरली आहे.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावरचे एक काका म्हणतात की ते विमान क्षेपणास्त्रानं पाडलं आणि लष्करानं पुरावे दडवले. तुम्ही दुरुस्तीचंच तुणतुणं वाजवताय.

वाजवतो. काकांना सांगा, त्यांच्या संशयाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी घडल्या आहेत. विमान गुन्मा प्रांतात, उएनो गावाजवळच्या ओसुताका डोंगरधारेवर पडलं आणि मदत पोहोचायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. अमेरिकी हवाई दलाच्या एका सी-१३० विमानाला मात्र ती जागा साधारण वीस मिनिटांतच दिसली होती; त्यातल्या एका अधिकाऱ्यानं ते १९९५ साली जाहीरपणे सांगितलं. शेपटीचा एक तुकडा १३ ऑगस्टला सागामी उपसागरात सापडला, तोही नौदलाच्या जहाजाला. रात्रभर माणसं डोंगरावर पडून राहिली म्हटल्यावर कोणाच्याही मनात पाल चुकचुकेल.

पण मदत उशिरा पोहोचणं आणि विमान पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी. घुमटाचे तुकडे सापडले. धातू एकदम फाटला तर त्याची कड वेगळी दिसते आणि थकून फाटला तर वेगळी. थकलेल्या कडेवर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघा दिसतात, एकीला लागून एक, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. भेग दर फेरीला किती पुढे सरकली याचा तो हिशेब असतो. त्या रेघा नेमक्या त्या एकेरी रांगेच्या रिव्हेटभोकांपाशी होत्या. क्षेपणास्त्राला हे जमायचं नाही. नातेवाइकांच्या शंका तरीही राहिल्या, म्हणून २०११ साली जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं अहवाल सोप्या शब्दांत समजावणारं टिपण काढलं.

प्रश्न : मग जुना मार असलेल्या विमानात बसूच नये का? प्रवाशाला ते कळणार कसं?

नोंदणी क्रमांकावरून जुना अपघात शोधता येतो. दुरुस्ती कशी झाली हे मात्र तुम्हाला दिसणार नाही आणि ते पाहणं तुमचं काम नाही. ते आमचं. आम्ही चुकतो कसे, ते सांगतो.

मी नवा असताना आमच्या शॉपमधले सीनियर पत्र्यावरच्या चऱ्यावरून नख फिरवायला लावायचे. नख अडकलं तर चरा खोल. मग तो घासून काढा, नाहीतर तेवढा पत्रा कापा. "वरून डबलर लावला म्हणजे चरा गेला असं नाही," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. डबलर म्हणजे वरून रिव्हेटनं ठोकलेलं ठिगळ.

चायना एअरलाइन्सच्या एका जंबोची शेपूट ७ फेब्रुवारी १९८० ला हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर घासली. दुरुस्तीत चरे पूर्ण न काढताच त्यांच्यावर डबलर बसवला गेला. चरे झाकले गेले आणि त्यांतून भेगा वाढत राहिल्या. २५ मे २००२ ला तैपेईहून हाँगकाँगला जाताना ते विमान पेंगहू बेटांजवळ हवेतच तुटलं. २२५ जण गेले. तेव्हाही बॉम्ब आणि क्षेपणास्त्राच्या वावड्या उठल्याच. विमान थायलंडच्या कंपनीला विकायचं ठरलं होतं, म्हणून देखभालीत हयगय केली, अशीही एक. विक्रीची गोष्ट खरी, पण दोष बावीस वर्षांपूर्वीचा होता.

माझ्या डोक्यातून जात नाहीत ते डाग. पूर्वी विमानात सिगारेट ओढायची मुभा होती. केबिनमधली धुरकट हवा भेगेतून बाहेर झिरपायची आणि डबलरच्या कडेनं तपकिरी थर धरायचा. नोव्हेंबर २००१ मध्ये, अपघाताच्या सहा महिने आधी, त्या दुरुस्तीचे फोटो काढले होते. जुन्या दुरुस्त्या पुन्हा तपासायच्या होत्या म्हणूनच काढले होते. फोटोत डाग स्पष्ट दिसतात. हवा जिथून बाहेर पडायला नको तिथून पडतेय, हे तो डाग सांगत होता. पुढच्या तपासणीची पाळी यायच्या आत विमान पडलं.

प्रश्न : अमेरिकेत पडलेल्या एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्यात बसवले आणि तिथं मेलेले वैमानिक दिसू लागले. यावर तुमचं मत?

तुम्ही ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या उड्डाणाबद्दल विचारताय. भुतांवर माझं मत मागू नका, मी पत्र्याचा माणूस. पण ते ट्रायस्टार जातीचं विमान २९ डिसेंबर १९७२ ला मायामीजवळच्या दलदलीत पडलं तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं होतं. पूर्वेतिहास असा काही नव्हताच. पुढच्या चाकाचा दिवा लागेना, सगळे त्या बल्बमागे लागले आणि उंची घटतेय हे कोणी पाहिलं नाही.

प्रश्न : जपानी विमानाचे अवशेष आज कुठे आहेत?

जपान एअरलाइन्सनं २००६ साली हानेदाजवळ सुरक्षा केंद्र उघडलं. तो फाटलेला घुमट तिथं जोडून मांडला आहे. मी तिथं गेलेलो नाही. त्या सांध्याची आकृती मात्र माझ्या बाकावर काचेखाली होती, पट्टी जशी प्रत्यक्षात लावली गेली तशी. नवं पोर शॉपमध्ये आलं की मी त्याला बसवून विचारायचो, यात चूक दाखव. बहुतेक जण रिव्हेट मोजायला लागायचे.