एन्झाइमचा सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) बघून जीव थंडीतला की उष्णतेतला, हे ओळखता येतं का? फरक सक्रिय स्थळात, म्हणजे एन्झाइमच्या जिथे रासायनिक क्रिया घडते त्या भागात, दिसतो का?

दुसऱ्या प्रश्नाने जुनी जखम उघडली, म्हणून आधी त्याचं उत्तर: सहसा नाही.

एमएस्सीच्या प्रकल्पात मी माशांच्या लॅक्टेट डीहायड्रोजनेज या एन्झाइमचे (ते पायरुवेटचं लॅक्टेट करतं) सिक्वेन्स शेजारी-शेजारी लावून तुलना करत होतो. एकीकडे अंटार्क्टिकातले नोटोथेनिऑइड गटातले मासे, जिथे पाणी उणे १.८६ अंशांपर्यंत जातं. दुसरीकडे दक्षिण अमेरिकेजवळच्या कमी थंड पाण्यातले त्यांचेच भाऊबंद. अंटार्क्टिकवाल्यांचं एन्झाइम जास्त वेगवान, म्हणजे फरक सक्रिय स्थळातच असणार, हा माझ्या गाइड सरांचा हट्ट. मला तर पायरुवेट धरणारी अमिनो आम्लं दोन्हीकडे जशीच्या तशी दिसत होती. "अलाइनमेंट (ती मांडणी) चुकलंय, पुन्हा कर," सर म्हणाले. पुन्हा केलं, तेच. शेवटी फील्ड्स आणि सोमेरो यांचा १९९८चा पेपर त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यात स्वच्छ लिहिलंय की बदल सक्रिय स्थळाबाहेर आहेत, क्रिया होताना हलणाऱ्या भागांत. बिजागरी सैल केली तरी दार लवकर उघडतं, कुलूप बदलावं लागत नाही. सरांनी पेपर न उघडताच बाजूला सारला आणि माझं ते प्रकरण कापून दोन परिच्छेदांचं केलं.

असो. एकट्या एन्झाइमवरून तापमान सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. जीवाणूंची सगळी प्रोटीनं एकत्र घेतली तर मात्र आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, ग्लुटामेट, ल्युसिन या सातांचं एकूण प्रमाण तापमानाबरोबर वाढतं (२००७, झेल्डोविच आणि सहकारी). जीनोममधल्या जीसी प्रमाणाच्या (डीएनएतल्या ग्वानिन आणि सायटोसिन या अक्षरांच्या वाट्याच्या) नादी लागू नका. तापमानाशी ते नातं रायबोसोमच्या आरएनएत ठळक दिसतं, अख्ख्या जीनोममध्ये तितकं भरवशाचं नाही.

आणि ई. कोलायशेजारी उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेत जगणारा पायरोकॉकस ठेवून "उष्णतेमुळे क्षार-सेतू (प्रोटीनमधल्या विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या) वाढले" म्हणणं बंद करा. एक बॅक्टेरिया, एक आर्किया (सूक्ष्मजीवांचा वेगळाच मोठा गट). त्यांच्यातले कितीतरी फरक नुसते वंशाचे असतात. जवळचे नातेवाईक घ्या, मगच बोला. गाइड काहीही म्हणोत.

हो, एक राहिलं. कीटोस्टिरॉइड आयसोमरेज या एन्झाइममध्ये तापमानाशी जोडलेला फरक १०३ क्रमांकाच्या जागेवर, म्हणजे थेट सक्रिय स्थळातच सापडलाय (२०२१). तेव्हा 'सहसा' हा शब्द गाळून मला कुठे उद्धृत करू नका. पण ते बॅक्टेरियाचं एन्झाइम. आमचा वाद माशांवरून होता, आणि त्यात सर चुकलेच होते.