बाकी चौसष्ट हजारांची नाही, फार तर सहा हजारांची

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे, मधुमेही. कोविड झाल्यावर पहिल्या रुग्णालयाने "एवढ्या वयाचा पेशंट घेत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवले. मग साताऱ्यातल्या दुसऱ्या खासगी रुग्णालयात २४ जून २०२१ ला दाखल केले. चार दिवस आयसीयूत (व्हेंटिलेटर लागला नाही), नंतर आठ दिवस वॉर्डात होते. विमा नाही. बिल १,८४,९०० रुपये झाले. आम्ही १,२०,००० भरले, त्यातले ५०,००० रोख, कच्च्या पावतीवर. उरलेल्या ६४,९०० साठी माझ्या सहीचा कोरा चेक ठेवून घेतला. बाकी भरल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड आणि फाइल देणार नाही म्हणतात. पांढरे रेशनकार्ड म्हणून सरकारी योजना नाकारली. पुण्यातला भाऊ एक रुपया द्यायला तयार नाही. काय करू? — एक वाचक, ता. कोरेगाव

उत्तर : ताई, पैशांचे नंतर बघू. आधी फाइल हातात घ्या. वडील मधुमेही आहेत. कोविडमध्ये स्टेरॉइड दिले असेल तर साखर वाढते आणि म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीच्या आजाराचा) धोकाही असतो. कोणते औषध किती दिवस दिले, हे कळल्याशिवाय कोरेगावातला डॉक्टर इन्सुलिनचा डोस कशावर ठरवणार? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत कलम १.३.२ आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, की मागणीची पोच देऊन ७२ तासांत त्या द्यायच्या. बिल थकले असेल तर देऊ नका, अशी सवलत त्यात नाही. वडिलांच्या सहीने चार ओळींचा अर्ज करा : डिस्चार्ज कार्ड, केस पेपर, औषधांचा तक्ता, सर्व रिपोर्ट आणि बाबवार बिल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. काउंटरवर शिक्का नाकारला तर तोच अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

आता बिल. तुम्ही पाठवलेला फोटो मी ओळीने वाचला. राज्य शासनाने अधिसूचना काढून १ जून २०२१ पासून कोविड उपचारांच्या दरांसाठी शहरांचे अ, ब, क असे गट केले होते. जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून सातारा 'ब' मध्ये येत होते : वॉर्ड ३,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ५,५००, व्हेंटिलेटरसह ६,७०० रुपये रोज. दर रुग्णालयाच्या गावाचा लागत होता, पेशंटच्या नाही. हाच पेशंट कराडला असता तर 'क' गटाचे २,४०० आणि ४,५०० लागले असते. तुमच्या बिलात आयसीयू ७,५०० ने आणि वॉर्ड ४,००० ने लावला आहे. हे मे २०२१ अखेरपर्यंतचे दर, आणि जूनपासूनचे 'अ' गटाचे, म्हणजे पुण्या-मुंबईचे. नव्या दराने ४ × ५,५०० आणि ८ × ३,००० मिळून ४६,००० होतात. त्यांनी ६२,००० लावले. इथेच १६,००० गेले.

या रोजच्या दरात देखरेख, डॉक्टरांची तपासणी, नर्सिंग, बेड, जेवण, नेहमीची औषधे आणि सीबीसी, क्रिएटिनिन, ईसीजी, एक्स-रे यांसारख्या तपासण्या धरलेल्या होत्या. तरीही खाली डॉक्टर व्हिजिट २४,०००, नर्सिंग ९,६००, डाएट ४,२०० असे वेगळे लावले आहेत. हे ३७,८०० एकाच गोष्टीचे दोनदा घेतलेले पैसे. 'बायोमेडिकल वेस्ट' ३,६००. हे अधिसूचनेतल्या कोणत्या बाबीखाली लावले ते लेखी विचारा. एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) ४,५००; यंत्र कितीही मोठे असले तरी सप्टेंबर २०२० पासून कमाल दर ३,००० होता.

एवढ्यानेच ५८,९०० कमी होतात आणि बिल १,२६,००० वर येते. तुम्ही १,२०,००० भरलेत.

हे सहा हजारही टिकतील असे मला वाटत नाही. पीपीई १८,०००, औषधे ४१,५०० आणि लॅब १७,५०० या तीन रकमांना मी अजून हातही लावलेला नाही. पीपीई वेगळे लावता येत होते, पण वाटेल तेवढे नाही. एक किट घालून डॉक्टर दहा पेशंट बघतो आणि दहाही बिलांत पूर्ण किट लागते, हा नेहमीचा प्रकार. मेरोपेनेम, टोसिलिझुमॅब, इम्युनोग्लोब्युलिन अशी भारी औषधे एमआरपीने वेगळी लागत होती. पॅरासिटामॉल आणि सलाइन त्यात येत नव्हती. रोजच्या दरात न धरलेल्या तपासण्यांना रुग्णालयाचा ३१ डिसेंबर २०१९ चा दर लागत होता, २०२१ चा नाही.

रुग्णालय बहुधा म्हणेल, तुमचा बेड शासकीय दर लागू असलेल्या ८० टक्के बेडांतला नव्हता, आम्हाला आमचा दर लावता येणाऱ्या उरलेल्या २० टक्क्यांतला होता. तसे असेल तर बेडची नोंद आणि दाखल करताना घेतलेली संमती त्यांनी दाखवायची. दाखल करताना तुम्ही ज्या फॉर्मवर सह्या केल्या, त्यांची प्रतही फाइलबरोबर मागा. आता मात्र 'कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका.

मला खरी काळजी चेकची आहे. सही करून कोरा चेक दिला की तो भरण्याचा अधिकार दिला, असे परक्राम्य संलेख अधिनियमाचे (चेक-हुंडीच्या कायद्याचे) कलम २० धरते. बँकेत 'स्टॉप पेमेंट' दिले तरी कलम १३८ चा (चेक न वटल्याचा) खटला चुकतोच असे नाही, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून चेक बँकेत जायच्या आधी रुग्णालयाला पोचपावतीसह पत्र गेले पाहिजे. त्यात लिहा : अमुक क्रमांकाचा चेक तारीख आणि रक्कम न घालता केवळ तारण म्हणून घेतला आहे, बिल वादात आहे, बिलाच्या सरकारी लेखापरीक्षणाआधी तो वटवू नये, शासकीय दराने जे निघेल ते मी भरेन. मग बँकेला सूचना द्या. तरी चेक टाकलाच आणि परत गेला, तर त्यांना बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस काढावी लागते आणि ती मिळाल्यावर तुमच्याकडे १५ दिवस असतात. ती नोटीस पिशवीत ठेवून देऊ नका, त्याच दिवशी वकिलाकडे जा. चेकमागे देणे आहे असे कोर्ट गृहीत धरते. ते नव्हते हे दाखवायला वरचे पत्र आणि बिलाची ही फोड लागेल.

बिल सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून प्रमाणित होऊन मिळायला हवे होते. तुमच्या बिलावर तसा शिक्का नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून लेखापरीक्षण आणि जादा रकमेचा परतावा मागा. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सरकारी रुग्णालयात. दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. सोबत बिल, पावत्या, आधार आणि वरची फोड एका पानावर जोडा. लेखापरीक्षकासमोर अशी शंभर बिले असतात. आकडे मांडून दिलेले बिल आधी उघडले जाते. रोख ५०,००० ची पक्की पावती आत्ताच मागा, नाहीतर हिशेबात तुमचे ७०,००० च धरतील. इथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे : मुदत दोन वर्षे, पाच लाखांपर्यंत फी नाही.

योजनेबाबत तुम्हाला चुकीचे सांगितले गेले. मे २०२० पासून महात्मा फुले योजना पांढऱ्या कार्डासह सर्वांना खुली केली होती. पण ती फक्त अंगीकृत (योजनेत सामील केलेल्या) रुग्णालयांत आणि कोविडच्या ठरावीक २० पॅकेजेसपुरती चालत होती. मंजुरी पेशंट आत असतानाच घ्यावी लागते, त्यामुळे तो पैसा आता योजनेतून मिळणार नाही. रुग्णालय अंगीकृत आहे का, हे १५५३८८ वर विचारा. असेल तर ही दिशाभूलही तक्रारीत घाला.

वयामुळे नाकारले, त्याबद्दल : सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२० ला सरकारी आणि ४ मार्च २०२१ ला खासगी रुग्णालयांतही ज्येष्ठांना दाखल करून घेताना प्राधान्य द्यायला सांगितले आहे. बेड नसणे हे कारण असू शकते, ७४ वय हे नाही. तारीख, वेळ आणि कोण बोलले ते लिहून शल्यचिकित्सकांकडे वेगळा अर्ज द्या.

भावावर या बिलाची आशा ठेवू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात औषधोपचार मुलांनी द्यायच्या निर्वाहखर्चातच मोजला जातो, पण अर्ज वडिलांनी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाने प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करायचा आणि मिळतात महिन्याला जास्तीत जास्त १०,०००. शिवाय त्या कायद्यात मुलगीही जबाबदार असते, हे भाऊ सांगेलच.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलेला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना चेकबुकातल्या स्थळप्रती (चेक फाडल्यावर उरणारी अर्धी पाने) बरोबर न्या, चेकचा क्रमांक त्यावर सापडेल.