‘इफ यू कुड जस्ट साइन हिअर…’ यातलं ‘तर’ कुठे गेलं?

इंदूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न: इंग्रजी संवादात ‘इफ यू कुड जस्ट साइन हिअर…’ एवढंच बोलून माणूस थांबतो. ‘जर’ आहे, मग ‘तर’ कुठे गेलं?

‘तर’ इथे लागतच नाही. वाक्य अर्धवट दिसलं तरी विनंती पुरी झालेली असते: ‘इथे जरा सही करता?’ ऐकणाऱ्याने पेन उचलायचं. रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे खाऊगल्लीतल्या गर्दीत कुणी ‘भैया, ज़रा साइड हो जाते तो…’ म्हटलं, की आपण सरकतोच ना? तसंच. एकट्याने उभ्या राहणाऱ्या अशा गौणवाक्यांना भाषाशास्त्रज्ञ निकोलस इव्हान्स यांनी २००७ सालच्या लेखात ‘इनसबॉर्डिनेशन’ म्हटलं आहे. नाव अवघड, पण प्रकार रोजचा.

मात्र प्रत्येक ‘इफ’ विनंतीचा नसतो, म्हणून क्रियापद बघा. ‘इफ यू कुड’ किंवा ‘इफ यूड जस्ट’ आलं की बहुधा विनंती. ‘इफ ओन्ली ही हॅड कॉल्ड…’ ही हळहळ, म्हणजे ‘निदान फोन तरी करायचा!’ आणि ‘इफ यू टच दॅट फोन अगेन…’ असा साधा वर्तमानकाळ चढ्या आवाजात आला तर ती सरळ धमकी. शिक्षा काय, हे मुद्दाम सांगितलेलं नसतं.

‘आयड लव्ह टु, बट…’ इथे आपल्याकडची मंडळी हमखास फसतात. ‘लव्ह’ ऐकून होकार धरतात, नाहीतर ‘बट व्हॉट?’ म्हणून कारण विचारत बसतात. हा नकार आहे आणि कारण सांगायची इच्छा नाही. ‘नो वरीज, सम अदर टाइम’ म्हणावं आणि विषय सोडावा.

‘वेल, आयड बेटर…’ म्हणत कुणी खुर्चीवरून उठलं, तर पुढचा ‘गो’ गाळलेला असतो. त्या वेळी पुन्हा चहाचा आग्रह नको.

‘यू डिडन्ट!’ची गोष्ट वेगळी. ‘आय टोल्ड द बॉस’ला हे उत्तर आलं, तर ‘तू सांगितलं नाहीस’ असा अर्थ लावू नका. ‘काय सांगतेस!’ असा तो उद्गार आहे, आणि गाळलेलं क्रियापद आधीच्या वाक्यात सापडतं.

छापील संवादात विरामचिन्हही बघावं. तीन टिंबं असली तर बोलणारा सहसा आपणहून थांबलेला असतो, म्हणून अर्थ शोधावा. शेवटी लांब रेघ असली तर बहुतेक वेळा त्याला कुणी तरी तोडलेलं असतं. ‘आय थिंक यू शुड—’ ‘डोन्ट.’ यात सल्ला काय होता, ते शोधत बसू नये. समोरच्याला तो ऐकायचा नव्हता, एवढंच लेखकाला दाखवायचं असतं.