माझा जुना डीटीएच बॉक्स नीट चालतोय, तरी एचडीसाठी बॉक्स, छत्री, केबल सगळं बदला म्हणतात. खरंच लागतं की लूट आहे?

बॉक्स लागतो. छत्री बहुतेक वेळा लागत नाही.

तुम्ही गोव्यातल्या साखळी गावाहून विचारलंय की २०१२ सालचा बॉक्स आजवर एकदाही बिघडला नाही, मग एचडी मागितल्याबरोबर कंपनीचा माणूस चार हजारांचा आकडा कसा सांगतो. मी फोंड्याला असतो. चवथीच्या तोंडावर आमच्याकडेही हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॉक्स उलटा करून मागची बाजू बघा. पिवळं, लाल, पांढरं अशी भोकंच असतील आणि एचडीएमआयची चपटी खाच नसेल, तर तो एसडी, म्हणजे जुन्या साध्या चित्राचा बॉक्स. त्यातून एचडी येणार नाही, कितीही रिचार्ज मारा. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एचडीचं १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. एवढं चित्र उपग्रहावरून घडी घालून पाठवतात आणि बॉक्समधली चिप ती घडी उलगडते. आपल्याकडे २००३ मध्ये खासगी डीटीएच सुरू झालं तेव्हा घडी घालायची पद्धत एमपेग-२ होती. पुढे एमपेग-४ आली, तिला तेवढ्याच चित्रासाठी साधारण निम्मी जागा पुरते. एमपेग-२ पुरती बनवलेली चिप ही नवी घडी उलगडू शकत नाही, आणि ते सॉफ्टवेअर अपडेट करून जमणारंही नाही. सरकारी फ्री डिशवरसुद्धा हेच आहे: जुन्या बॉक्सला एमपेग-४ वरची चॅनल्स दिसत नाहीत.

इथवर कंपनी खोटं बोलत नाही. पण उपग्रहावरची जागा कंपनी भाड्याने घेते. निम्म्या जागेत तेवढीच चॅनल्स बसली की वाचलेलं भाडं तिच्या खिशात, आणि नव्या बॉक्सचे पैसे मात्र आपल्या खिशातून. बरं, पैसे मोजून घेतलेला तो बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे गेलात की विटेएवढ्या कामाचा. एकच बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये केली होती. मोबाईलला जमतं ते इथे का जमत नाही, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

आता छत्री. ‘एचडीची छत्री वेगळी असते’ असं आम्हालाही सांगितलं. तसं काही नसतं. कंपनी तीच, उपग्रह तोच, तर छत्रीच्या पत्र्याला आणि दांड्यावरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वरून एसडी येतंय की एचडी याच्याशी देणंघेणं नाही. मी तेव्हा घासाघीस न करता नवी बसवून घेतली. जुन्या छत्रीला काहीही झालेलं नव्हतं. आई आता मे महिन्यात त्यात कोकमाची सोलं वाळत घालते.

एक मात्र कबूल करतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि तीन हजार मिलिमीटर पावसात दांडा, नटबोल्ट आणि केबलचं टोक खरंच गंजतं. एचडीची चॅनल्स ज्या पद्धतीने सोडतात तिला सिग्नल जरा जास्त स्वच्छ लागतो. म्हणून एलएनबीच्या जोडात पाणी शिरलं असेल तर एसडी रडतखडत चालतं आणि एचडी आधी जातं. तेव्हा बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दाखवणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या कोरड्या दिवशी बघा. गुणवत्तेची पट्टी भरलेली असेल तर छत्रीला हात लावू देऊ नका. खालावलेली असेल तर आधी केबलचं टोक कापून नवा कनेक्टर लावायला सांगा, मग एलएनबी, आणि छत्री सगळ्यात शेवटी. पण हा माणूस चढतो वर आणि पहिल्यांदा छत्रीच सोडवायला घेतो!

आणि आता माझी फजिती. नवा बॉक्स आला, एचडी पॅक घेतला, कंपनीचा मुलगा जोडून गेला. सुमारे तीन महिने आम्ही ‘काय सुंदर दिसतं’ म्हणत बघत होतो. दिवाळीला मडगावचा भाचा आला, टीव्हीकडे बघून म्हणाला, “मामा, हे एसडी आहे.” मागे बघितलं तर बॉक्स जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला. टीव्ही भिंतीला टेकलेला, एचडीएमआयपर्यंत हात पोचेना, म्हणून त्या मुलाने सोपा मार्ग काढला होता. त्या वायरीतून एचडी जातच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, “सर, तुमच्याकडून तक्रार आलेली नव्हती.” आता कळलंच नाही तर तक्रार कसली करणार?

पैशांचं अजून एक. २०१९ पासूनच्या ट्रायच्या पद्धतीत चॅनल सुटं घेता येतं. एचडी पॅक चढवताना जुना एसडी पॅक काढायचा राहून गेला, तर झी मराठीचे आणि स्टार प्रवाहचे दोन-दोन वेळा पैसे जातात. आमचे गेले. पॅकची यादी मोबाईलवर उघडून एकेक नाव ताडून बघा.

भांडायची वेळ आलीच तर ट्रायला लिहू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाहीत. आधी कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्या, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, तरीही नाही झालं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही. मी नोडल अधिकाऱ्यापर्यंत गेलो, छत्रीचे पैसे रिचार्जमध्ये वळते करून मिळाले. तीन महिन्यांच्या एचडीचे नाही.

तुमच्याकडे कंपनीचा माणूस यायच्या आदल्या दिवशी टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा, आणि एचडीएमआय केबल बॉक्सच्या खोक्यातच आहे का ते त्याच्यासमोर उघडून बघा.