कोंबडीची दाण्याची पिशवी दगडासारखी लागते, काय करावं?

प्रश्न : डॉक्टर साहेब, माझी गावरान कोंबडी दोन दिवसांपासून दाणा खाईना, गळ्याखाली गोळा लागतोय. शेजारच्या काकू म्हणतात उलटं धरून ओकारी काढ. काढू का? (वाचक, जि. परभणी)

उत्तर : ताई, उलटं अजिबात धरू नका, पिशवीतलं पाणी श्वासनळीत गेलं तर कोंबडी तिथंच मरू शकती. सकाळी दाणा टाकायच्या आधी हात लावून बघा, रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला पाहिजे, तशीच टणक असली म्हणजे आत गवत, कडब्याची चिपाडं नाहीतर उकंड्यावरची सुतळी अडकलेली असू शकते. मऊ, पाणी भरल्यासारखी अन् चोचीला आंबूस वास असला तर ते बुरशीचं दुखणं, त्याला औषध वेगळं. टणक असली तर वेगळी ठेवा, दाणा बंद, पाणी चालू, चोचीच्या कडेनं थेंब थेंब गोडेतेल सोडा अन् दिवसातून तीन-चारदा हलक्या हातानं चोळा. दुसऱ्या दिवशीही तसंच असलं तर सरळ दवाखाना, चिरा देऊन काढता येतं. अन् कोंबड्या कोंडून असतील तर बारीक खडे ठेवत जा, त्यांना दात नसतात, पेट्यात, म्हणजे पोटातल्या जाड पिशवीत, दाणा त्या खड्यांनीच भरडला जातो.