वीस वर्षांनी तेच चौघे

प्रश्न : आयर्लंडचा ‘प्लँक्स्टी’ हा लोकसंगीताचा संच विखुरल्यानंतर पुन्हा एकत्र आला होता का?

उत्तर : होय. क्रिस्टी मूर, डोनल लनी, अँडी अर्व्हाइन आणि लियम ओफ्लिन यांनी १९७२ मध्ये उभारलेला हा संच १९७५ मध्ये थांबला, १९७९ मध्ये पुन्हा जुळला आणि १९८३ मध्ये विसर्जित झाला. त्यानंतर तब्बल वीस वर्षांनी, २००४ च्या आरंभी, हेच मूळ चौघे डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट सभागृहात रसिकांसमोर बसले. मूळच्या ग्रीक बुझुकी या तंतुवाद्याच्या झणत्काराशी ओफ्लिन यांच्या इलन पाइप्सचा (ही बॅगपाइप तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने तिच्यात हवा भरतात) जो मेळ जमे, तोच आमच्या मते या संचाचा प्राण होय. ओफ्लिन २०१८ मध्ये निवर्तले.